तासलेलं धनुष्य

सिग्नल लाल झाला म्हणून ॲर्लिसने गाडी थांबवली. नवऱ्याला, रेनोला, व्यायामाच्या दवाखान्यातून घरी आणताना हा चढावरचा सिग्नल लागायचाच, आणि गाडी मागे घसरू नये म्हणून ब्रेक दाबून धरायचा, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. दफनभूमीच्या भिंतीकडून एक हरिणी रस्त्यावर आली. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या डुलुथ शहरात याचं कुणाला अप्रूप नव्हतं. वसंत आला की हरणं डोंगरावरून खाली उतरायची, लोकांच्या अंगणातले ट्यूलिप खायची आणि सरोवराकडे निघून जायची. ही मात्र मधेच थांबली, एक पाय उचललेला तसाच ठेवून, कूस गाडीकडे करून. तेवढ्यात ॲर्लिसच्या शेजारी काहीतरी हललं. रेनोचा डावा हात मांडीवरून उठला, खांद्याच्या रेषेत सरळ समोरच्या काचेपर्यंत गेला, आणि हवेतलं काहीतरी अलगद धरावं तशी त्याची मूठ अर्धी मिटली. ते काय आहे हे ॲर्लिसला लगेच कळलं. धनुष्य डाव्या हातात असतं. आता उजव्या हाताने यायला हवं होतं, दोरी धरून गालापर्यंत ओढायला हवी होती. उजवा हात तिने पट्टा लावताना जिथे ठेवला होता तिथेच, मांडीवर, उताणा पडलेला होता. उजव्या खांद्याजवळ सदरा थोडासा थरथरला, बस. हरिणी निघून गेली. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तरी तो हात तसाच काचेकडे ताणलेला होता. मग तो हळूहळू खाली आला. "मंगळवार," रेनो म्हणाला.

हिवाळ्याच्या तोंडाशी आलेल्या झटक्याने त्याची उजवी बाजू नेली होती आणि सगळे शब्द नेले होते, एक सोडून. मंगळवारच का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. झटका आला तो मंगळवार नव्हता, त्यांचं लग्न मंगळवारी झालं नव्हतं. बोलणं शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, काहींचा एखादा शब्द असा अडकून राहतो, त्याला अर्थ नसतो, पण तुम्ही बोलता ते सगळं त्यांना कळतं हं. हे शेवटचं वाक्य ती दर वेळी म्हणायची, जाताना, कोट चढवता चढवता. भूक लागली, मंगळवार. पाय दुखतो, मंगळवार. मुलीचा फोन आला की मंगळवार. सुरुवातीला ॲर्लिसने त्या एका शब्दाच्या चढउतारावरून अर्थ लावायचा नाद धरला होता, आणि तिला वाटायचं की आपल्याला जमतंय. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काम केल्यावर माणसाच्या तोंडावरून त्याला नीट दिसतंय की तो उगाच हो म्हणतोय हे तिला ओळखता यायचं. पण त्या दिवशी घरी परत येईपर्यंत, रेनोला चाकाच्या खुर्चीत बसवून त्याचे बूट काढेपर्यंत, तिच्या डोक्यात त्या ताणलेल्या हाताशिवाय काही नव्हतं. इतक्या महिन्यांत त्याने स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. किंवा तिला तसं वाटलं. बूट काढताना तिने वर बघितलं तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता.

लग्न झाल्यापासून दर शरदात तो जंगलात जायचा. बंदूक नाही, चाकं आणि दुर्बीण लावलेली नवी धनुष्यंही नाहीत. स्वतः हिकरीच्या चिवट लाकडातून काढलेलं लांब धनुष्य, देवदाराचे बाण, हंसाची पिसं. मित्राबरोबर, ड्युएनबरोबर, तो त्या चाकवाल्यांची टवाळी करायचा आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत यायचा. त्याचं ॲर्लिसला काही नव्हतं. तिला खुपायचं ते वेगळंच. संध्याकाळी तो दारात उभा राहायचा, अंगाला सूचिपर्णी झाडांचा आणि थंडीचा वास, आणि चेहऱ्यावर एक निवांतपणा, जो घरात कधीच नसायचा. घरात तो चांगला होता, पगार आणायचा, बर्फ उपसायचा, भांडत नसे. पण तो निवांतपणा दारात उभं राहून बूट काढेपर्यंत टिकायचा, आणि मोजे वाळत घातले की संपायचा. "काय केलंस दिवसभर?" ती विचारायची. "काही नाही. बसलो होतो," तो म्हणायचा. तरुणपणी तिला संशय यायचा की कुणी बाई असेल. बाई असती तर सोपं गेलं असतं असं पुढे पुढे वाटायला लागलं, कारण बाईला चेहरा असतो, तिच्याशी स्वतःला ताडून बघता येतं. तिने एकदाही म्हटलं नव्हतं की मला घेऊन चल. त्यानेही कधी विचारलं नव्हतं. आणि आता तो हात काचेकडे गेला होता, आणि दुसरा हात नव्हता. दुसरा हात आपण व्हायचं, हे तिने त्याच संध्याकाळी, बटाटे सोलताना ठरवून टाकलं. ठरवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने ते रेनोला मोठ्याने सांगितलं. "या शरदात मी जाईन. तुझं धनुष्य घेऊन. तू सांग, मी करते."

"मंगळवार," तो म्हणाला.

ड्युएन आयुष्यभर बंदरात खनिजाची जहाजं भरत आला होता. आता निवृत्त होता, बायको मॅबेल गेल्यापासून एकटा होता, आणि त्याच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं काही होतं. ॲर्लिसचं ऐकून घेताना तो एका बाणावर पिसं चिकटवत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुला हरीण मारायचंय, की रेनोला उठवून बसवायचंय?"

"दोन्ही एकच आहे."

"नाही गं. हरणाला विचार." मग त्याने बाण बाजूला ठेवला. "आमची मॅबेल चालवायची ते हलकं धनुष्य आहे माझ्याकडे. बायकी हाताला बरोबर बसेल. ते घेऊन जा."

"मला रेनोचंच हवं."

"रेनोचं तुला अर्ध्यापर्यंतही ओढता यायचं नाही. खांदा निखळून हातात येईल."

सोबत आणलेलं रेनोचं धनुष्य तिने ओढून बघितलं. ड्युएनचं खरं होतं. दोरी हनुवटीपासून वीतभर लांब राहिली, दंड कापायला लागला, आणि दोरी सोडून देताना मनगटाला असा फटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. काळसर, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेलं ते लाकूड तिच्या मुठीत हललंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं ते तळघरात टांगलेलं असायचं आणि ती त्याच्या खालची जमीन झाडत आली होती, पण हातात कधी घेतलं नव्हतं. ते हातात धरताना तिला वाटलं, परक्या माणसाचा हात धरलाय. "याचा जोर कमी करता येत नाही का?" तिने विचारलं. ड्युएनने लाकडावरून अंगठा फिरवला. करता येतं, तो म्हणाला. पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने खरवडायचं, थोडं थोडं, दोन्हीकडे सारखं. लाकूड पातळ झालं की नरम होतं. "पण मग ते रेनोचं राहणार नाही. त्याला विचारलंस?"

विचारायचं म्हणून तिने पुढच्या आठवड्यात रेनोलाच तिथे नेलं. गॅरेजचं दार उघडं होतं, बाहेर सफरचंदाला फुलं आली होती, आणि धनुष्य शिकंज्यात आडवं धरलेलं होतं. "रेनो, थोडं तासलं तर मला ओढता येईल. चालेल ना तुला?" त्याने धनुष्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मंगळवार." आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. "हो म्हणतोय," ॲर्लिस म्हणाली. ड्युएन हातात पोलादी पट्टी धरून उभा होता. तो खाली वाकला, रेनोच्या तोंडासमोर तोंड आणलं. "हे बघ गड्या, काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, हे तूच मला शिकवलंस. काढू?" "मंगळवार." "तो हो म्हणतोय, ड्युएन. मी रोज ऐकते त्याचं." मग पट्टी लाकडावरून फिरली. पहिली ढलपी निघाली ती इतकी बारीक की खाली पडायलाही तिला वेळ लागला. काळसर पृष्ठभागाखाली लाकूड पिवळं, ओलसर दिसावं इतकं ताजं निघालं. ड्युएन थांबे, वाकवून बघे, पुन्हा खरवडे. रेनो बोलायला लागला. मंगळवार, मंगळवार, मंगळवार, एकामागून एक, दम न घेता, एखाद्याने पायऱ्या मोजत खाली उतरावं तसं. ड्युएनचा हात थांबला. "खूश आहे तो," ॲर्लिस म्हणाली, "थांबू नकोस." रेनोच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. झटक्यानंतर त्या डोळ्यातून तसं पाणी यायचंच. तिने रुमालाने ते टिपलं. डाव्या डोळ्याकडे तिने बघितलं नाही. बघायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. पण पुढे कधीही तो दिवस आठवला की तिला रुमाल आठवायचा, फुलं आठवायची, जमिनीवरच्या पिवळ्या ढलप्या आठवायच्या, आणि डाव्या डोळ्याच्या जागी काही आठवायचं नाही.

उन्हाळा सरावात गेला. मागच्या अंगणात पेंढ्याचे भारे रचून त्यावर ड्युएनने जुनी चादर ठोकली, आणि तिला एका टप्प्यावर उभं केलं, घरातली बैठकीची खोली असते तेवढ्या अंतरावर. याच्या पलीकडे तुला हरीण नाही, तो म्हणाला, पलीकडचं हरीण देवाचं. नेम धरायला काही नव्हतं. बाणाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं नाही. जिथे लागायला हवा ती जागा बघायची, चादर नाही, चादरीवरचा डाग नाही, डागातला एक धागा. "सगळं हरीण बघशील तर सगळ्या हरणाला चुकशील. एक केस बघ." पहिले बाण गवतात घुसले, कुंपणात घुसले, एक शेजाऱ्यांच्या शेडला लागला. बोटांची कातडी सोलवटली, मग घट्ट झाली. पाठीत कुठेतरी, जिथे आपल्याला काही आहे हे तिला साठाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, तिथे एक जागा दुखायला लागली, आणि नंतर तिथे ताकद आली. रेनोला पलंगावरून खुर्चीत घेताना पूर्वी तिचा श्वास कोंडायचा. आता ती त्याला एका झटक्यात उचलायची. तो हलका लागत होता. तो खरोखरच हलका होत होता, आणि ती घट्ट होत होती, आणि हे तिला आंघोळ घालताना दोघांची कातडी शेजारी शेजारी दिसली की जाणवायचं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलं की तिची नजर त्याच्या कोटावर जाऊन एका बटणापाशी थांबायची, बटणाच्या एका भोकापाशी, आणि बाकीचा माणूस विरून जायचा. "मॅडम?" माणूस म्हणायचा. ती दचकायची नाही. शांतपणे फ्रेम पुढे करायची.

सुरुवातीला ती रेनोला मागच्या ओसरीत बसवायची, सरावाच्या वेळी. बाण बरा लागला की वळून त्याच्याकडे बघायची. त्याने डाव्या हाताने काही खूण करावी, मान हलवावी, एवढीच अपेक्षा. एक दिवस तिने वळून बघितलं तर खुर्चीची पाठ तिच्याकडे होती. एका हाताने आणि एका पायाने त्याला खुर्ची फिरवता यायची, पण वेळ लागायचा, श्रम पडायचे. ऊन डोळ्यांवर येत असेल असं तिला वाटलं, आणि तिने त्याला सावलीत, पण पुन्हा अंगणाकडे तोंड करून बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ. तिसऱ्या दिवशी तिने काही केलं नाही, त्या पाठीकडे बघत उभी राहिली. मानेवरचे केस वाढले होते, कापायला हवे होते. मग ती वळली, दोरी गालापर्यंत आणली, आणि बाण तिने बघितलेल्या धाग्यावर जाऊन बसला. त्यानंतर ती त्याला पुढच्या खोलीत टीव्हीसमोर ठेवायला लागली. हे तिच्या लक्षात आलं, की तो बघत नसताना आपले बाण जास्त चांगले लागतात.

त्याचा हात पुन्हा कधी तसा उठला नाही. ऑगस्टमध्ये केव्हातरी, त्याच सिग्नलला थांबलेली असताना, तिच्या मनात आलं की त्या दिवशी त्याने नुसतं दाखवलं असेल, हरिणी, बघ. किंवा तोल सावरायला काच धरायची असेल. किंवा त्याने खरंच धनुष्य धरलं असेल, पण ते त्याचं होतं, त्याच्या आत होतं, आणि तिने त्यात हात घालून ते बाहेर काढलं. तिने रेडिओ लावला. मुलगी फिनिक्सहून फोन करायची, ट्रीना. "मॉम, हे तू डॅडसाठी करतेयस, किती छान आहे ते. मी इथे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं." "हो," ॲर्लिस म्हणायची, "तुझ्या डॅडसाठी." म्हणताना एकदा आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, उन्हाने तांबूस झालेला, गालावर दोरीची पुसट रेघ, आणि तो चेहरा दुःखी नव्हता.

सप्टेंबरमध्ये ड्युएनने तिला शहराच्या उत्तरेच्या आपल्या जमिनीवर नेलं. बर्च पिवळे पडायला लागले होते. एका सूचिपर्णी झाडाला त्याने लाकडी मचाण बांधलं होतं, फार उंच नाही, खालून हरणांची वाट जात होती, चिखलात दोन बोटांचे ठसे. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, फांद्यांत गुंडाळून ठेवायचे, वारा कुठून येतो ते गालाने ओळखायचं, हे सगळं त्याने सांगितलं. हरीण बाजूने उभं असेल, पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तरच, आणि बाण खांद्याच्या जरा मागे. समोरून नाही, मागून नाही. बाण लागला तरी ते पळेल. तू लगेच उतरायचं नाही. बसून राहायचं, त्याला पडू द्यायचं. "आणि लागेल बहुतेक असं वाटलं, तर सोडायचा नाही. बहुतेकवाले बाण पोटात लागतात, आणि मग ते जनावर दोन दिवस मरत असतं कुठेतरी, आणि आपण घरी जेवत असतो." त्याने नाक शिंकरलं. "पण हे सगळं नंतर. आधी नुसतं बसायला शीक. उद्यापासून येऊन बस. धनुष्य आणू नकोस."

ती बसली. रेनोजवळ ड्युएन थांबायचा, दोघं टीव्हीवर जुने सामने बघायचे, आणि ती दुपारभर झाडावर बसायची. पहिल्या दिवशी तिला घराचंच सुचत होतं, गोळ्या दिल्या का, चादर बदलली का. दुसऱ्यांदा पायाला मुंग्या आल्या, डास चावले. तिसऱ्यांदा, केव्हा ते तिला सांगता येणार नाही, तिच्यातली बडबड थांबली. खारीच्या पायांचा आवाज पानांवर आला आणि तो केवढा मोठा वाटला. वारा पडला. प्रकाश एका खोडावरून दुसऱ्या खोडावर सरकताना दिसला. कुणालाही तिच्याकडून काही नको होतं. तिला स्वतःलाही स्वतःकडून काही नको होतं. अंधारायच्या आत ती उतरली, गाडी चालवत घरी आली, दारात उभी राहिली, आणि ड्युएनने विचारलं, "काय दिसलं?" "काही नाही. बसले होते," ती म्हणाली. म्हटल्यावर तिला ते ऐकू आलं. टीव्हीच्या उजेडात रेनोने मान वळवून तिच्याकडे बघितलं होतं. तिला वाटायला हवं होतं की आता आपल्याला तो कळला, इतक्या वर्षांनी, आता आपण दोघं एका बाजूला आलो. तसं काही झालं नाही. बूट काढताना तिला राग आला, थंड, बारीक राग, पिनेच्या टोकासारखा. हे याच्याकडे होतं. इतकी वर्षं, दर शरदात, एवढं सगळं याच्याकडे होतं, आणि तो दारात उभा राहून म्हणायचा, काही नाही. तिने मोजे वाळत घातले. त्या रात्री त्याला कूस बदलून देताना, त्याच्या डाव्या बरगड्यांवर तळवा टेकला असताना, खांद्याच्या जरा मागची ती जागा तिच्या बोटांना आपोआप सापडली. तिने हात काढून घेतला आणि पांघरूण वर ओढलं.

ऑक्टोबरच्या शेवटी, पानं बहुतेक गळून गेल्यावर, ड्युएन म्हणाला, आता जा. दुपारी जेवण आटोपल्यावर तो आला, आणि बाहेर आपल्या ट्रकमधून तिच्यासाठी दोर आणि जुनी गोणपाटं काढत होता. ॲर्लिसने लोकरीचं जाकीट चढवलं, भाता पाठीला लावला. बाणाचं पातं तिने सकाळीच दगडावर घासलं होतं, अंगठ्याच्या नखावरून फिरवून बघितलं होतं. "निघते मी," ती रेनोला म्हणाली, आणि त्याच्या कपाळावरचे केस बाजूला करायला वाकली. त्याच्या डाव्या हाताने तिची बाही धरली. त्या हातात अजून जोर होता. त्याचे ओठ हलले, जीभ कुठेतरी जाऊन थबकली, मानेची शीर उभी राहिली. ती वाट बघत होती. मंगळवार येणार होता.

"नको," रेनो म्हणाला.

स्पष्ट. जुना आवाज, जरा घोगरा, त्याचाच. वर्षभरात पहिल्यांदा एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला होता, आणि तो बरोबर जागी आला होता. बोलणं शिकवणाऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या असत्या. रेनो ॲर्लिसच्या डोळ्यांत बघत होता, दोन्ही डोळ्यांनी, आणि आता अर्थ लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरत होता. बाहेर ड्युएनने ट्रकचं फळकूट आपटून बंद केलं. मग ॲर्लिसने त्याची बोटं धरली, आणि बाहीवरून एकेक करून सोडवली, करंगळीपासून सुरुवात करून, न दुखवता, रोज त्याची आखडलेली उजवी मूठ उघडायची तशीच. तो हात तिने त्याच्या मांडीवर ठेवला. "अंधार पडायच्या आत येते," ती म्हणाली.

मचाणावर बसल्यावर ती बडबड थांबायला आज वेळ लागला नाही. याचंच तिला आश्चर्य वाटलं, थोडा वेळ, मग तेही थांबलं. आकाश राखाडी होतं, बर्फाचा वास होता. हरिणी आली ती आवाज न करता, आधी नव्हती आणि मग होती. गालावर वारा तिच्याकडून येत होता. ती वाटेने येत होती, थांबत, नाक जमिनीला लावत, हिवाळ्यासाठी जाड झालेले तपकिरी केस, कानाची आतली बाजू पांढरी. आपल्याला भीती वाटेल असं ॲर्लिसने सहा महिने गृहीत धरलं होतं. हात कापतील, डोळ्यांत पाणी येईल, बाण सोडवणार नाही. तिने त्यासाठी तयारी केली होती, कुणी रडायच्या आधी रुमाल काढून ठेवावा तशी. हरिणी बाजूने वळली आणि पुढचा पाय पुढे टाकला. पायामागच्या केसांमध्ये एक केस जरा वेगळ्या दिशेला पडलेला होता. ॲर्लिसने तो बघितला. जंगल गेलं, हरिणी गेली, घर गेलं, बाहीवरचा हात गेला. पाठीतली ती जागा घट्ट झाली, बोट गालाला लागलं, आणि दोरी तिने सोडली असं झालं नाही, ती सुटली. बाण आत जाताना आवाज फारच छोटा झाला, पिकलेल्या भोपळ्यावर चापट मारावी तसा. हरिणी उसळली, झुडपांतून पळाली, फांद्या मोडल्याचं ऐकू आलं, मग एक मोठी धप्प, मग काही नाही. ती बसून राहिली, सांगितल्याप्रमाणे. आता हात कापायला लागले. ते भीतीने नव्हते कापत. तिला हसू येत होतं. तोंडावर हात दाबून ती एकटीच झाडावर हसत बसली होती, आणि हसता हसता तिला कळत होतं की हे कुणाला सांगता येणार नाही.

ड्युएनला तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "थांब, आम्ही दोघंही येतो. बघू दे की त्याला." अंधारून येण्याआधी ट्रक शेताच्या कडेच्या वाटेपर्यंत आला. तोवर तिने आतडी काढली होती, ड्युएनने शिकवलं होतं तसं, आणि दोराने हरिणीला वाटेपर्यंत ओढत आणलं होतं. कोपरापर्यंत हात लाल, वाळायला लागलेले. ड्युएन उतरला, वाकला, आणि बाण जिथून गेला होता तिथे बोट ठेवलं. "मी चाळीस वर्षांत असा बाण दोनदा मारला असेल," तो म्हणाला. "आणि तुझ्या नवऱ्याने, रेनो, ऐकतोयस ना, तू तर एकदाच, आणि ते हरीण आंधळं होतं असा माझा अजून संशय आहे." तो हसला. ॲर्लिस ट्रकच्या खिडकीपाशी गेली. काच खाली होती. रेनोने हरिणीकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे, मग तिच्या पाठीवरच्या धनुष्याकडे, जिथे पिवळं लाकूड अजून काळं पडलेलं नव्हतं. मग त्याने मान किंचित झुकवली. ती मान तिला ओळखीची होती. शरदात, पेट्रोलपंपावर, दुसऱ्या कुणाच्या ट्रकमध्ये हरीण दिसलं की तो तशी मान झुकवायचा, नाव माहीत नसलेल्या माणसांना. सभ्यपणे. त्यानंतर तो समोर बघायला लागला, आणि घर येईपर्यंत समोरच बघत राहिला.

ड्युएनने हरिणी ॲर्लिसच्या गॅरेजमध्ये टांगली आणि कण्याखालचं मऊ मांस कापून तिच्या हातात दिलं. ते त्याच दिवशी खायचं असतं. जेवायला थांब म्हटलं तर तो थांबला नाही. तिने ते लोण्यात, कांद्याबरोबर, भरपूर वेळ शिजवलं, रेनोला चावायला जड जाऊ नये म्हणून, आणि त्याच्या ताटात अगदी बारीक तुकडे केले. स्वयंपाकघर त्या वासाने भरून गेलं. तिला इतकी भूक लागली होती की तिने उभ्या उभ्याच एक तुकडा तोंडात टाकला. मग ती त्याच्यासमोर बसली, त्याच्या गळ्याभोवती रुमाल बांधला, आणि काट्यावर एक तुकडा त्याच्या ओठांपाशी नेला. त्याने ओठ मिटून घेतले. "गरम नाहीये," ती म्हणाली. त्याने मान वळवली नाही, हात वर केला नाही, फक्त ओठ मिटलेले होते, पांढरे पडेपर्यंत. तुकडा त्याच्या ओठांना लागला आणि तिथे लोण्याचा ओला डाग राहिला. तिने काटा खाली ठेवला. स्वतःच्या ताटातलं खायला लागली. चव चांगली होती. ती खात राहिली.

फोन वाजला. ट्रीना होती. ड्युएनने तिला आधीच कळवलं होतं. ॲर्लिसने फोन कानाशी धरला, दुसऱ्या हातात काटा तसाच. ट्रीना रडत होती, आनंदाने. मला माहीत होतं तुला जमेल, ती म्हणत होती, आणि डॅडला काय वाटलं असेल, डॅडने बघितलं ना, तुझं बघून तरी त्यांना काहीतरी. मग तिने नाक ओढलं आणि विचारलं, "मॉम, डॅड काही बोलले का? म्हणजे दुसरं काही, नवीन काही?"

टेबलाच्या पलीकडे रेनो तिच्याकडे बघत होता. फोनमधला मुलीचा आवाज त्याला ऐकू येत होता. सगळं कळत होतं त्याला. मागच्या वर्षभरात त्याने एक शब्द कुठून तरी ओढून वर आणला होता, आणि तो ऐकणारं एकच माणूस होतं.

"नाही," ॲर्लिस म्हणाली. "नवीन काही नाही. तेच आपलं."

ट्रीनाने आणखी काही सांगितलं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला येण्याबद्दल, विमानाबद्दल. ॲर्लिसने फोन ठेवला. रेनोची नजर अजून तिच्या चेहऱ्यावर होती, पण त्यात आता काही विचारणं नव्हतं. मग त्याचे ओठ सैल झाले, आणि त्याने तोंड उघडलं, सकाळी गोळ्यांसाठी उघडायचा तसं, जीभ जरा पुढे, डोळे ताटाकडे. तिने काटा उचलला. तुकडा गार झाला होता. त्याने तो डाव्या बाजूने सावकाश चावला, गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं. तिने दुसरा तुकडा दिला. ताट रिकामं होईपर्यंत तो एकेक तुकडा घेत राहिला, आणि ती देत राहिली.